आजींना देवाज्ञा होते

"वृषाली, हे तू लिहिलंयस? सिरियसली, हे तुझ्या डोक्यातून आलं?"

निशांत राजाध्यक्षनं माझा कागद हवेत धरला होता. निशांत म्हणजे वाहिनीचा क्रिएटिव्ह हेड. आमच्या मालिकेत कोण जगणार, कोण मरणार, कुणाचं लग्न कुणाशी लागणार, हे सगळं त्याच्या मर्जीवर. वय अठ्ठावीस, पायात लाखमोलाचे बूट आणि डोक्यात वारा.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"चुकलं? अगं, मी तुला डेथ मागितली होती. आजीची डेथ. स्क्रीनवर फार ओल्डनेस झालाय म्हणून. आणि तू काय दिलंस? देवाची आज्ञा! आजीला पहाटे देवाची आज्ञा होते, घर हादरतं, सून जबाबदारी घेते. गूजबम्प्स, गाईज! बघा, माझ्या हातावर काटा आलाय."

त्यानं खरंच बाही वर करून हात पुढं केला, आणि टेबलाभोवतीच्या पोरापोरींनी माना लांब करून तो काटा बघितला. एकीनं तर "वॉव" पण म्हटलं.

मी लिहिलं होतं, 'आजींना पहाटे देवाज्ञा होते.' लिहिलं होतं रोमन लिपीत, कारण मालिका मराठी असली तरी त्या खोलीत मराठी वाचता येणारी माणसं दोनच होती, एक मी आणि दुसरे आमचे निर्माते खामकर शेठ. आता देवाज्ञा झाली म्हणजे माणूस गेलं, हे आमच्या कराडात शेंबड्या पोरालाही कळतं. 'मरते' असं उघडंनागडं लिहिणं माझ्या जिवावर आलं, आजीचं काम करणाऱ्या बाई माझ्या रोजच्या ओळखीच्या, म्हणून मी घरंदाज शब्द वापरला. तर या शहाण्यानं शब्दाची फोड केली आणि मेलेली म्हातारी उठवून बसवली!

मी तोंड उघडणार, तोच टेबलाखाली खामकर शेठनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला.

"निशांतसर," शेठ गदगदून म्हणाले, "मी पण रात्रभर हाच विचार करत होतो, की आजीला देव का भेटू नये?"

हल्ली मला कॉलेजात बोलावतात. 'मनोरंजन व माध्यम क्षेत्रातील करिअर संधी' असा फलक लावतात, नारळ आणि शाल देतात. पोरं वह्या उघडून विचारतात, "मॅडम, क्रिएटिव्ह हेड व्हायला काय यावं लागतं?" मी म्हणते, काही यावं लागत नाही, तीच तर मोठी सोय आहे. पोरं हसतात. त्यांना वाटतं बाई विनोदी आहेत.

तर मीटिंग संपल्यावर मी शेठना जिन्यात गाठलं.

"शेठ, अहो तुम्हाला तर अर्थ कळला होता!"

"मला कळला, तुला कळला. तिसऱ्याला कळून कुणाचं भलं होणार आहे? म्हातारी जगतेय तर जगू दे की."

"उद्या कुणीतरी हसेल आपल्याला."

"हसू दे. वाहिनीला सुधारायला जायचं नसतं, बाई. वाहिनी म्हणाली सूर्य पश्चिमेला उगवतो, तर आपण म्हणायचं, उगवतो हो, म्हणून तर खिडकी तिकडं पाडलीय."

असले हे लोक. एकाला कळत नाही आणि दुसऱ्याला कळून घ्यायचं नाही. पण खरं सांगते, मीही गप्प बसले ते इंदूताईंसाठी.

इंदूताई म्हणजे इंदुमती साळगावकर, आमच्या मालिकेतल्या आजी. मूळच्या सावंतवाडीच्या. सगळी उमर व्यावसायिक नाटकात घालवलेली, गावोगावच्या थिएटरांत उंदरांच्या संगतीनं साड्या बदललेल्या. नवरा गिरणी कामगारांच्या युनियनचा, तो गेल्यावर डोंबिवलीला मुलाकडं राहत होत्या. आपल्याला मारणार हे त्यांना आधीच कळलं होतं. शूटिंगच्या सेटवर भिंतीलाच नव्हे, हेअर ड्रायरलासुद्धा कान असतात.

मी मेकअप रूममध्ये गेले तेव्हा त्या डबी, फणी, गजरा असं सगळं पिशवीत भरत होत्या.

"कधी मरायचं गो?" त्यांनी आरशातूनच विचारलं. "शुक्रवारी? बरा वार आहे."

"इंदूताई, तुम्ही मरत नाही."

मी सगळी हकीकत सांगितली. आधी त्यांना खरं वाटेना. मग जे हसायला लागल्या, ते डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं तरी थांबेनात.

"अगो बाई! आमच्या ह्यांनी घरात साधा देव्हारा ठेवू दिला नाही मला जन्मभर. आणि देव भेटला कुठं, तर ठाण्यात, घोडबंदर रोडला!"

"तुम्ही कुणाला बोलू नका मात्र."

"मी कशाला बोलते? माझी बोलायची सोय तरी आहे का?" गजरा परत बाहेर काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "घरी मला काम नाही असं नाही, वृषाली. नातवंडांचे डबे आहेत, दळण आहे, सिलिंडरवाला येणार म्हणून दार धरून बसायचं आहे. पण 'इंदूताई, शॉट रेडी' असं तिथं कुणी म्हणत नाही गो. इथली आजी मेली की माझी घरातली आजी सुरू. त्या आजीला कुणी संवाद लिहीत नाही."

हे त्यांनी रडून सांगितलं नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मग देवाज्ञेचा खेळ सुरू झाला. घंटा वाजायची, धूर सुटायचा, कॅमेरा इंदूताईंभोवती गरगरायचा, त्या डोळे मिटायच्या, उघडायच्या आणि खर्जात म्हणायच्या, "आज्ञा झाली!" आणि महाराष्ट्र गप्पगार. त्यांचा आवाजच तसा होता. माइक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला तो आवाज, टीव्हीत काय, भिंती हलवायचा. आमची मालिका वर चढली ती चढतच गेली. निशांतचा फोटो इंग्रजी पेपरात आला. 'मराठी मातीची नाडी ओळखणारा तरुण' असं त्याच्याबद्दल छापून आलं. नाडी! नाडी म्हटल्यावर त्याला पायजम्याची आठवली असती.

पहिल्या पहिल्या आज्ञा निरुपद्रवी होत्या. वाडवडिलांची जागा विकू नका. त्या राकेशला मुलगी देऊ नका. माझं काही म्हणणं नव्हतं, राकेशला मुलगी देऊच नये. पण यश माणसाला चढतं, आणि आडातच नाही तिथं ते जास्तच चढतं. एक दिवस निशांतनं मालिकेतल्या धाकट्या नातीला कावीळ दिली.

मी लिहिलं, आजी डोळे उघडते आणि म्हणते, 'आज्ञा झाली, पोरीला डॉक्टरकडं न्या.' झकास प्रसंग होता, वर लोकांच्या फायद्याचा. निशांतनं कागद वाचला आणि आंबट चिंच खाल्ल्यासारखं तोंड केलं.

"हॉस्पिटल इज सो बोरिंग, वृषाली. आणि देवच जर डॉक्टरकडे पाठवायला लागला, तर देवाची व्हॅल्यू काय?"

"मग काय करायचं?"

"औषधं फेकून द्यायची. आजी अंगारा लावते. दॅट्स इट. फेथ!"

"निशांत, खेड्यापाड्यात अजून बायका कावीळ उतरवायला माळा घालतात गळ्यात. पोरं मरतात."

"अगं, ही मालिका आहे. लोकांना कळतं तेवढं."

"तुला देवाज्ञा कळली नाही आणि लोकांना हे कळेल म्हणतोस?" हे अगदी माझ्या ओठावर आलं होतं. पण ते बोलले असते तर इंदूताईंचा कारभार तिथंच आटोपला असता. मी एवढंच म्हटलं, "मी हे लिहिणार नाही." तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम, मी लिहितो." आणि त्यानं खरंच लिहिलं. मोबाइलवर, सँडविच खाता खाता.

सेटवर इंदूताईंनी तो संवाद ऐकला आणि त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत.

"हे मी बोलणार नाही."

"इंदूताई, प्लीज, दोन लाइन्स तर आहेत."

"दोन असोत नाहीतर अर्धी. औषधं फेका म्हणून मी सांगायचं? ह्या तोंडानं?"

निशांत चिडला नाही. असली माणसं चिडत नाहीत. तो त्यांच्या खुर्चीशी उकिडवा बसला, हसला आणि गोड आवाजात म्हणाला, "ओके. तुम्ही कम्फर्टेबल नसाल तर आपण ओरिजिनल प्लॅनवर जाऊ. डेथ. उद्याच करू. तुमच्यावर काही प्रेशर नाही."

इंदूताईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना काय सांगणार होते? मी म्हटलं, "सोडा, ताई. जाऊ या घरी." पण घरी जाणं माझ्यासाठी सोपं होतं, माझं वय होतं, हातपाय होते, दुसरं काम मिळालं असतं. त्या थोडा वेळ नुसत्या पदराचं टोक चोळत बसल्या. मग उठल्या आणि एका टेकमध्ये बोलून मोकळ्या झाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मालिकेतली पोरगी पुढच्या आठवड्यात नाचायला लागली. नाचणारच, तिची कावीळ मेकअपवाल्यानं लावली होती, मेकअपवाल्यानंच पुसली.

मग ती बाई आली.

दुपारची वेळ होती, जेवणाची सुट्टी झाली होती. आमचं शूटिंग चालायचं त्या बंगल्याच्या फाटकाशी वॉचमन कुणाशी तरी हुज्जत घालत होता. शहापूरच्या पुढच्या कुठल्याशा पाड्यावरची बाई, कडेवर चारेक वर्षांची पोर. पोरीची मान बाईच्या खांद्यावर पडलेली. डोळे हळदीनं माखल्यासारखे पिवळे.

"आजीबाय कुठं हायत? मला आज्ञा पायजे," बाई म्हणत होती. "आजींनी टीव्हीत सांगितलं तवापासून दवाखान्याचं औषध बंद केलंय मी. अंगारा लावते दोन येळा. उतार पडंना. म्हटलं, आपला अंगारा खरा नसंल, आजींच्या हातचा आणू."

निशांत नेमका त्या दिवशी सेटवर होता. तो धावत आला, आणि मला वाटलं, आता तरी याला घाम फुटेल.

"ओ माय गॉड," तो म्हणाला. "हे किती ऑर्गॅनिक आहे! कॅमेरा आणा कुणीतरी. इंदूताईंना बोलवा, कॉस्च्युममध्येच बोलवा!"

इंदूताई आल्या. नऊवारी, कपाळभर मळवट, गळ्यात खोट्या रुद्राक्षांच्या माळा. बाईनं पोरीसकट त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी खाली वाकून पोरीच्या पापण्या वर केल्या, पोटाला हात लावला, आणि मळवटाखाली त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगो, औषध का बंद केलंस?"

"तुम्हीच सांगितलं न्हवं?"

"ते खोटं असतं, बाई. नाटक असतं ते. मी इंदुमती साळगावकर. मला ओ का ठो कळत नाही. मला कसली आज्ञा, मी पोटासाठी काम करते!"

बाई समजूतदारपणे हसली. "परीक्षा बघताय आजी. बघा, खुशाल बघा. मी हलायची न्हाय."

"अगं, देवाशप्पथ खोटं होतं ते!"

"न्हाय, आजी. माझी भक्ती पक्की हाय."

इंदूताईंनी तिला पुन्हा समजावलं. हात जोडले. माळा ओरबाडून काढल्या, मळवट पदरानं पुसला. बाई ढिम्म. मी बोलले, खामकर शेठ बोलले, बाई आमच्याकडं बघेचना. आम्ही कोण लागून गेलो होतो? आम्हाला थोडीच टीव्हीत देव भेटत होता. आणि निशांत कॅमेरावाल्याला हळूच म्हणत होता, "क्लोज जा, क्लोज जा."

शेवटी इंदूताई थांबल्या. ताठ उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले, श्वास भरला, डोळे उघडले आणि त्याच खर्जात, फाटकापलीकडचे रिक्षावाले वळून बघतील अशा आवाजात म्हणाल्या,

"आज्ञा झाली!"

बाई जमिनीवर कोसळलीच. "सांगा, माय!"

"आत्ताच्या आत्ता पोरीला सरकारी दवाखान्यात घेऊन जायचं. डॉक्टर सांगेल ते करायचं. एक गोळी चुकवलीस तर देव तुझ्या दारात फिरकणार नाही. आणि अंगारा नदीत सोडायचा. घरात चिमूटभर ठेवायचा नाही!"

"जाते माय, जाते!" बाई पोर उचलून उठली. खामकर शेठनी तेवढी एक गोष्ट बरी केली, स्वतःची गाडी दिली. पोरगी पुढं महिनाभर दवाखान्यात होती, पण जगली. शेठच्या ड्रायव्हरनं खबर आणली होती.

गाडी गेली तसा निशांत मेकअप रूममध्ये घुसला. मी तिथंच होते. इंदूताई खोबरेल तेलानं तोंड पुसत होत्या.

"इंदूताई, यू वर फॅब्युलस! फक्त ते हॉस्पिटलचं मी कट करतो, हां? तुम्ही हात लावला आणि ती पाया पडली, एवढं ठेवतो. प्रोमोत काय भारी दिसेल!"

इंदूताईंनी कापूस खाली ठेवला. त्यांनी त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट, निरखून बघितलं, बिघडलेलं दूध बघावं तसं.

"निशांत," त्या शांतपणे म्हणाल्या, "मला देवाज्ञा झाली."

"वॉव! आत्ता?" तो खुर्ची ओढून समोर बसला. "रिअली? काय म्हणाला देव?"

"घरी जा म्हणाला."

तो खो खो हसला. "हे भारी आहे! वृषाली, लिहून घे, लिहून घे." आणि मोबाइल वाजला म्हणून बाहेर गेला.

इंदूताईंनी पिशवी भरली. डबी, फणी. गजरा मात्र त्यांनी केराच्या टोपलीत टाकला. मी म्हटलं, "ताई, जरा विचार करा. डोंबिवलीला परत जाऊन काय करणार?"

"डबे भरीन," त्या म्हणाल्या. "डब्यात भाजी घालते मी, विष नाही घालत."

संध्याकाळच्या शॉटला सहायक "इंदूताई, शॉट रेडी" म्हणून ओरडत बंगलाभर फिरला, तेव्हा कुठं निशांतला त्या गेल्याचं कळलं. देवाज्ञेचा खरा अर्थ त्याला तेव्हाही कळला नसावा. आजतागायत कळला नसावा. तो आता फार मोठ्या हुद्द्यावर आहे.

मीही त्याच आठवड्यात सोडलं. तत्त्वबित्त्व म्हणाल तर डोंबल. किळस आली, बास. निशांतनं नवी आजी आणली, इंदूताईंपेक्षा गोरी आणि सुबक. 'आजी हिमालयातून परत आल्या, तपानं रूप पालटलं,' असं एका वाक्यात उरकलं. आणि लोकांनी ते गिळलं. मला वाटलं होतं बोंब होईल, पत्रं येतील. कसलं काय! ज्यांना देव चालतो त्यांना कुठलाही चेहरा चालतो.

काही महिन्यांनी मी डोंबिवलीला इंदूताईंना भेटायला गेले. दिवेलागणीची वेळ होती. दार सूनबाईंनी उघडलं, हातात रिमोट.

"या, या. बसा तिथं. आत्ता सुरू झालंय, ब्रेकमध्ये चहा टाकते हं."

इंदूताई टीव्हीसमोर पाटावर बसून मेथी निवडत होत्या. साधी सुती साडी, चष्मा. मला बघून हसल्या, पुढ्यातला कागद मेथीसकट थोडा ओढून घेतला, मला जागा केली. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"बरं चाललंय ना?" मी हळू आवाजात विचारलं.

"बरं चाललंय. दळण आणते, डबे भरते." मग त्यांनीच उलट विचारलं, "ती पोर कशी आहे गो? काही कळलं का पुन्हा?"

"अंगणवाडीत जाते म्हणे."

"हां," त्या म्हणाल्या आणि मेथीचं एक पिवळं पान बाजूला काढून टाकलं.

टीव्हीत घंटा वाजली. धूर सुटला. नव्या आजीनं डोळे मिटले. सूनबाई सोफ्यावर पुढं सरकून बसल्या.

"ही कशी मनापासून करते बघा," त्या मला म्हणाल्या. "हिला खरंच आज्ञा होते असं वाटतं. आईंचं, राग नका मानू आई, पण जरा ॲक्टिंग वाटायचं."

मी इंदूताईंकडं बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. टीव्हीतली बाई पातळ आवाजात ओरडली, "आज्ञा झाली!" आणि सूनबाईंनी रिमोट मांडीवर ठेवून दोन्ही हात जोडले. मग जोडलेल्या हातांनीच मान तिरकी करून म्हणाल्या,

"आई, जरा सरका ना. आजी दिसत नाहीत."

इंदूताईंनी मेथी उचलली आणि त्या सरकल्या.